मॅजिक की केलेआऊट: लेआऊटचे रंग कुठे वाचावेत?

मॅजिक आणि केलेआऊट ही चिपचा लेआऊट, म्हणजे तिच्या थरांचा नकाशा, आखायची आणि पाहायची सॉफ्टवेअर. हिरवं डिफ्युजन (सिलिकॉनमधला ट्रान्झिस्टरचा भाग), लाल पॉली (ट्रान्झिस्टरचं गेट होणारा थर), निळं मेटल (जोडणीच्या तारा). कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी 1980 मध्ये रूढ केलेली ही रंगभाषा बर्कलीत जन्मलेल्या मॅजिकने जवळजवळ तशीच उचलली. हिरव्या पट्टीवरून लाल पट्टी ओढली की तिथे लगेच ट्रान्झिस्टर तयार होतो आणि छेदाचा भाग वेगळ्या नक्षीत दिसतो. कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन थरांमधली जोडणी, फुलीच्या चौकोनाने दिसते. त्यातली खरी छिद्रं जीडीएस फाइल (चिप बनवायला द्यायचा अंतिम आराखडा) लिहिताना आपोआप पडतात. शिकणाऱ्याला याहून सोपं काय हवं?

केलेआऊटला मात्र आखताना ट्रान्झिस्टर कळत नाही, कळतात ते लेयरचे, म्हणजे थरांचे आकडे. स्काय130 या चिप बनवण्याच्या प्रक्रियेत पॉली 66/20, पहिलं मेटल 68/20. कुठल्या लेयरला कुठला रंग हे सांगणारी एलवायपी फाइल जोडली नाही तर रंग त्याच्या पॅलेटमधून क्रमाने येतात. पॉली निळंसुद्धा निघेल! पण फाउंड्रीकडे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे, जाणारी जीडीएस, एकेका छिद्रासकट, जशीच्या तशी इथेच दिसते. मेटलचे थर वाढले की नुसते रंग पुरत नाहीत, तिथे याच्या तिरप्या रेघा आणि ठिपके कामाला येतात.

माझं मत: आखणी मॅजिकमध्ये, शेवटची तपासणी केलेआऊटमध्ये.