टीपांचं अभ्यास बायबल: नऊ महिने दानीएलसोबत

नऊ महिने रोज पहाटे हे बायबल उघडतेय. घेतलं ते एकाच कारणासाठी: दानीएल, यहेज्केल, जखऱ्या या संदेष्ट्यांच्या पुस्तकांतली अंत्यकाळाची भाकितं नीट समजून घ्यायची होती. बांधणी पक्की आहे, पातळ कागदावरही शाई मागे उमटत नाही. खरं बोलायचंय ते टीपांबद्दल.

समासातले संदर्भ अनमोल आहेत. मत्तय २४:१५ मध्ये येशू दानीएलचं नाव घेऊन 'ओसाड करणारा अमंगळ पदार्थ' म्हणतो, आणि समास थेट दानीएल ९, ११ आणि १२ कडे नेतो. अकराव्या अध्यायाखाली इ.स.पू. १६७ ची हकिकत दिली आहे: सिरियाचा ग्रीक राजा अँटायोकस चौथा याने यरुशलेमच्या मंदिरातलं नित्याचं अर्पण बंद पाडलं, वेदी विटाळली. मग जे घडून जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती, ते येशू पुढे दिसेल असं का सांगतो? या प्रश्नापाशी मी तीन आठवडे थांबले. भाकीत एकदा खरं ठरलं म्हणून संपत नाही, हे मला तिथे उमगलं. पुढे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केलं, तेव्हा त्या शब्दांना पुन्हा धार आली.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. दानीएलच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांसाठी (एक सप्तक म्हणजे सात वर्षं असं धरतात) पानभर कालपट दिलाय; मोजणी यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या हुकमापासून सुरू होते. इ.स.पू. ४४५ पासून, ३६० दिवसांचं वर्ष धरून, ६९ सप्तकं मोजली की बाण बरोबर येशूच्या शेवटच्या दिवसांवर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. पण मोजणी इ.स.पू. ४५७ च्या हुकमापासून, साध्या वर्षांनी केली, तर इ.स. २७ येतं. त्याआधीच्या, पारसी राजा कोरेशच्या फर्मानापासून धरली, तर हिशोब आणखी वेगळा. शिवाय ९:२५ च्या परंपरागत हिब्रू पाठात सात सप्तकांनंतर विरामाची खूण आहे. ती पाळली तर ७ आणि ६२ वेगळी पडतात आणि 'अभिषिक्त', ज्याला ख्रिस्ती वाचक येशू मानतात, तो ४९ वर्षांनीच येतो. यहुदी वाचक तसंच वाचतात. या खुणा मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळातल्या, त्यामुळे ख्रिस्ती अर्थ त्यांनी मोडत नाही. माझाही विश्वास ढळला नाही. पण टीपेत याबद्दल चकार शब्द नसावा, हे मनाला लागलं. दानीएल ८:१४ च्या २३०० दिवसांवरून, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून, तारीख काढून २२ ऑक्टोबर १८४४ ला अमेरिकेत प्रभूच्या परत येण्याची वाट पाहत बसलेल्या हजारो माणसांचं दुःख ज्याला ठाऊक आहे, त्याने असा कालपट इतक्या ठामपणे छापू नये.

तेव्हापासून मी टीपा कागदाने झाकून आधी वचन वाचते. आठव्या अध्यायात मेंढा म्हणजे मेदी-पारसी राजे आणि बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, हे देवदूतच सांगतो. तिथे टीप लागत नाही. सातव्यातलं चौथं श्वापद मात्र बेनाम आहे. ते बेनामच ठेवून वाचलं की नजर आपोआप मेघांवर येणाऱ्या मनुष्यपुत्रासारख्याकडे जाते.

सध्या जखऱ्या १२ वाचतेय. दहाव्या वचनाखाली टीप आहे: 'ज्याला त्यांनी भोसकले' त्या 'माझ्याकडे' पाहतील असा पाठ, काही हस्तलिखितांत मात्र 'त्याच्याकडे'. लगेच योहान १९:३७ चा संदर्भ. दोन्ही पाठ समोर ठेवूनही क्रूसाकडे जाणारी वाट जराही अंधुक झालेली नाही. हाच प्रामाणिकपणा दानीएल ९ खाली यावा, असं मी प्रकाशकांना लिहून कळवलंय.