टोला खणखणीत, वारा अपुरा : ऑर्केस्ट्रियनचा जोडसंच

ऑर्केस्ट्रियन म्हणजे आपोआप अनेक वाद्यं वाजवणारं यंत्र. त्याचा हा घरी जोडायचा संच तीन आठवडे रोज रात्री बसून जोडला. 24 धातूच्या पट्ट्या, एक ढोल, एक झांज, पंख्याच्या वाऱ्यावर वाजणाऱ्या 13 लाकडी नळ्या आणि मिडी फाइल (कुठला सूर कधी, किती जोरात वाजवायचा याची संगणकी नोंद) वाचून या सगळ्यांना वाजवणारा बोर्ड. स्पीकर कुठेच नाही. म्हणून तर घेतला!

जुन्या ऑर्केस्ट्रियनमध्ये आधी खिळे ठोकलेला लाकडी रूळ फिरायचा. पुढे ही यंत्रं बनवणाऱ्या जर्मनीतल्या वेल्टे यांनी 1883 मध्ये भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीचं पेटंट घेतलं. भोकातून हवा गेली की झडप हलायची, छोटा भाता मिटायचा आणि हातोडी पडायची. इथे भात्याच्या जागी सोलेनॉइड आहे, म्हणजे वीज दिली की लोखंडी दट्ट्या ओढणारी तारेची गुंडाळी. कागदाला भोक आहे किंवा नाही एवढंच कळायचं, मिडीत मात्र टोल्याचा जोर 1 ते 127 असा सांगता येतो. हा बोर्ड तो जोर खरोखर पाळतो. 20 वर झांज नुसती कुजबुजते, 110 वर अंगावर येते.

सगळ्यात आवडलं ते प्रत्येक वाद्याला वेगळा उशीर देता येणं. ढोलाची काठी जड, तिला पोचायला वेळ लागतो. एकाच वेळी हुकूम सोडून फोनवर रेकॉर्ड केलं, तर ढोल पट्टीपेक्षा 30 मिलिसेकंद मागे होता. ऐकताना ठेका पांगळा वाटत होता. पट्ट्यांना तेवढंच थांबवलं आणि सगळे एका दमात वाजू लागले. त्या रात्री मी एकच वॉल्ट्झ किती वेळा ऐकला असेन!

पट्ट्यांच्या आधाराची भोकं मात्र चुकली आहेत. आधार दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर हवा, कारण तिथे पट्टी जवळजवळ हलत नाही. संचात तो बराच आत होता, त्यामुळे नाद लगेच मरायचा. सगळी भोकं मी नव्याने पाडली. सोलेनॉइडच्या दट्ट्यांची खटखट नमद्याच्या चकत्यांनी बरीच कमी झाली.

खरी तक्रार नळ्यांची. पंखा एका नळीला पुरतो, दोघींना पुरतो. चार एकदम वाजल्या की दाब पडतो आणि सूर उतरतात. वाऱ्याचा साठाच दिलेला नाही. जुन्या कारागिरांनी हे कधीच सोडवलं होतं: वर वजन ठेवलेला भाता. तो मी पंखा आणि नळ्यांच्या मधे बसवला, तेव्हा कुठे सूर स्थिर झाले. दोन प्लायचे तुकडे, चामडं आणि बिजागरी, एवढंच सामान लागलं. बनवणाऱ्यांनी ते वगळायला नको होतं.

ठोक्याच्या वाद्यांचा भाग वेगळा मिळतो. पहिल्यांदाच जोडणार असाल तर तोच घ्या. नळ्या हव्याच असतील, तर आधी भाता बनवा आणि तो रात्रभर फुगलेला राहतो का ते बघा. माझा पहिला भाता कोपऱ्यातून गळत होता.