काळ्या रानात ठिबक आपोआप चालवायचं तर: कोणता सेन्सर, कोणता व्हॉल्व

चार एकर मोसंबी, एक बोअर, एक शेततळं, पाच एचपीची मोटार आणि कधी दिवसपाळीला तर कधी रात्रपाळीला येणारी थ्री फेज लाईट. अंबड, बदनापूर, पैठण, गेवराई या पट्ट्यात ठिबकाला सेन्सर आणि आपोआप उघडणारे व्हॉल्व बसवायचा विचार करणाऱ्याची परिस्थिती साधारण अशीच असते. दुकानात त्याला आधी सेन्सर दाखवतात, मोबाईलवर हिरवी-लाल पट्टी दाखवतात. आमचं म्हणणं उलटं आहे. पैसे मोजकेच असतील तर आधी मोटार आणि व्हॉल्वची बाजू पक्की करा, सेन्सर नंतर. सेन्सर चुकला तर पाण्याची एखादी पाळी मागेपुढे होते. व्हॉल्व चुकला तर पाइप फुटतो, नाहीतर मोटार जळते.

तरी सुरुवात सेन्सरपासून करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते.

सेन्सर: चार प्रकार, निवड दोघांतच

दोन उघड्या दांड्यांचा, मातीतून वीज सोडून विरोध मोजणारा सेन्सर सगळ्यात स्वस्त. तो घेऊ नका. डीसी विजेमुळे एक दांडी झिजत जाते आणि एका हंगामातच आकडे सरकायला लागतात. शिवाय बोअरचं पाणी खारं असेल किंवा ठिबकातून युरिया-पोटॅश सोडलं असेल, तर क्षार वाढताच माती जास्त ओली असल्याचं तो सांगतो.

दुसरा कपॅसिटिव्ह, म्हणजे पट्टीसारखा चपटा. एक-दोनशे रुपयांत मिळतो. धातू मातीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. पण त्याचे स्वतःचे तीन दोष आहेत. पट्टीची कापलेली कड उघडी असते, तिथून पाणी आत मुरतं. म्हणून पुरण्याआधी कडांना आणि वरच्या सर्किटला इपॉक्सीचे दोन हात द्या, वरच्या भागावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. दुसरा दोष चिपचा. काही पट्ट्यांवर ५५५ टायमरची जुनी एनई जात लावलेली असते, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टवर ती बंद पडते किंवा वेडेवाकडे आकडे देते. टीएलसी ५५५ असलेली पट्टी बघून घ्या. चिपवरची अक्षरं भिंगाखाली वाचता येतात. तिसरा दोष सगळ्यात मोठा: तिचा आकडा ओलाव्याचा नसून व्होल्टेजचा असतो. कोरड्या हवेत जास्त, पाण्यात कमी. मधल्या आकड्याचा अर्थ तुमच्या मातीत तुम्हीच लावायचा.

तो लावायचा असा. पाच लिटरच्या बादलीला बुडाशी भोकं पाडा, आपल्याच रानातली माती भरा, सेन्सर उभा खोचा आणि पाणी वर तुंबेपर्यंत भिजवा. तोंड पॉलिथिननं झाका. भारी काळ्या मातीतून पाणी निथळायला दोन-तीन दिवस लागतात. थेंब पडायचे थांबले म्हणजे वाफसा. त्या दिवशीचं व्होल्टेज लिहून घ्या आणि मुठभर माती काढून वजन करा. ती १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. कृषी विज्ञान केंद्राच्या माती प्रयोगशाळेत ही भट्टी असते. ओली १३६ ग्रॅम आणि वाळून १०० ग्रॅम भरली तर ओलावा ३६ टक्के. मग झाकण काढा आणि बादली वाळत जाईल तसं चार-पाच वेळा हेच करा. भारी काळ्या मातीत वाफशाला ३५ टक्क्यांच्या आसपास आणि झाड कोमेजण्याच्या टोकाला १८-२० टक्के ओलावा असतो. मधलं अर्धं पाणी संपलं, म्हणजे २७ टक्क्यांच्या जवळ आलं, की पाणी द्यायचं. त्या जागचं व्होल्टेज हाच तुमचा खरा आकडा. दुसऱ्याच्या रानातला आकडा तुमच्या कामाचा नाही. मुरमाड तुकड्यात आणि काळ्या तुकड्यात तर एकाच बांधाच्या दोन बाजूंना वेगळा निघतो.

राहिले दोन, आणि खरी निवड यांच्यातच आहे. दोन्ही ओलावा टक्क्यांत सांगत नाहीत, मुळाला पाणी ओढून घ्यायला किती जोर लागतो ते सेंटीबारमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा, तितकी माती कोरडी. टेन्शियोमीटर म्हणजे पाण्यानं भरलेली नळी, खाली चिनीमातीचा सच्छिद्र कप, वर व्हॅक्यूमचा गेज. त्याला वीज लागत नाही, क्षारांनी तो फसत नाही आणि सालगड्यालाही काटा वाचता येतो. पण त्याची हद्द ८० सेंटीबारच्या आसपास संपते. त्यापुढे कपातून हवा आत शिरते, पाण्याचा धागा तुटतो आणि काटा शून्याकडे परततो. माती कडकडीत वाळलेली असताना गेज ओली दाखवतो, आणि मोटार त्याच्यावर चालत असेल तर ती सुरूच होत नाही.

दुसरा दाणेदार भरणाचा सेन्सर, ज्याला बाजारात सगळे वॉटरमार्क म्हणतात. जाळीच्या नळीत दाणेदार भरण आणि जिप्समची वडी, आत दोन इलेक्ट्रोड. तो ० ते २३९ सेंटीबारपर्यंत वाचतो, पाणी भरत बसावं लागत नाही. जिप्सम असल्यानं थोड्याफार क्षारांचा त्रास कमी होतो. मात्र त्याला डीसी चालत नाही, उलटसुलट होणारी वीज द्यावी लागते आणि आकड्यात मातीच्या तापमानाची दुरुस्ती करावी लागते. हे करणारा रीडर सोबत घ्या, नाहीतर सेन्सर घेऊन उपयोग नाही. किंमत काही हजारांत जाते.

आता मोसंबीवाल्यानं कुठला घ्यायचा? ताणाचा, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाड मुद्दाम तहानलेलं ठेवण्याचा, विचार केला की उत्तर सोपं होतं. अंबे बहरासाठी डिसेंबरात पाणी तोडलं की महिना-दीड महिना माती वाळत जाते आणि ८० सेंटीबारची हद्द केव्हाच मागे पडते. टेन्शियोमीटर नेमका गरजेच्या वेळी मुका होतो. ताण सुरू झाला की काढून ठेवायचा आणि पाणी सोडल्यावर पुन्हा भरून लावायचा. शिवाय पाणी द्यायची वेळ बहुतेक जमिनींत ३० ते ६० सेंटीबारला येते, भारी चिकण जमिनीत ६० ते १०० ला. म्हणजे भारी रानात रोजच्या कामातही टेन्शियोमीटर काठावरच चालतो. भारी काळ्या रानात, बहर धरणाऱ्या बागेत दाणेदार सेन्सरच घ्या. अर्धापूरकडची केळी, भाजीपाला किंवा मध्यम जमीन असेल, जिथं माती ४० च्या वर जाऊच द्यायची नाही, तिथं टेन्शियोमीटर स्वस्तात उत्तम काम देतो. कपॅसिटिव्ह पट्टी बादलीचा सगळा उपद्व्याप करायची तयारी असेल तरच घ्या. खत सोडल्यावर तिचाही आकडा काही तास उसळतो, त्या वेळचा आकडा धरू नका.

भेग हा सेन्सरचा वैरी

काळी माती वाळली की आकसते. सेन्सरसाठी पाडलेलं भोक ही तिला भेग धरायला आयतीच जागा मिळते. केसाएवढी फट जरी सेन्सर आणि मातीत पडली तरी सेन्सर हवा मोजायला लागतो. आकडा एकदम कोरडा येतो, व्हॉल्व उघडतो, आणि पाणी त्याच भेगेतून सरळ खाली जातं. मुळाला काहीच मिळत नाही.

म्हणून भोक सेन्सरच्याच जाडीच्या नळीनं पाडा, पहारीनं नको. काढलेली माती चाळून तिची धिरड्याच्या पिठासारखी रबडी करा, ती आधी भोकात ओता आणि मग सेन्सर दाबून बसवा. वाळू भरू नका, वाळूत पाणी टिकत नाही. दाणेदार सेन्सर आदल्या रात्री भिजवा, दिवसा वाळवा, असं दोन-तीन वेळा करून शेवटी ओलाच पुरा. मोसंबीला एक ३० सेंटीमीटरवर आणि दुसरा ६० वर, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, झाडाच्या सावलीत. पाणी कधी सुरू करायचं ते वरचा सांगतो, कधी थांबवायचं ते खालचा. खालचा आकडा हलला म्हणजे पाणी मुळाखाली चाललं आहे. वर पाचटाचं आच्छादन टाकलं तर भेग पडायचं निम्मं काम टळतं.

व्हॉल्व: दाब आहे का, ते आधी बघा

सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलनं उघडणारा व्हॉल्व पडद्यावर चालतो आणि पडदा उचलायला पाण्याचाच दाब लागतो, साधारण ०.७ ते १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). बोअरच्या मोटारीवर तो सहज मिळतो. शेततळ्यातून उतारानं पाणी येत असेल तर मिळत नाही. व्हॉल्व टिक् आवाज करतो पण उघडत नाही. तिथं स्वतःची छोटी मोटार असलेला बॉल व्हॉल्वच हवा. तो उघडायला दहा-पंधरा सेकंद घेतो, पण दाबाची गरज नाही आणि पूर्ण तोंड उघडतो. सावकाश बंद होत असल्यानं पाइपाला धक्काही कमी बसतो.

सोलेनॉइडमध्ये २४ व्होल्ट एसीचा व्हॉल्व उघडा असेपर्यंत वीज खातो आणि लाईट गेली की आपोआप बंद होतो. लॅचिंग व्हॉल्वला एक झटका दिला की उघडतो, उलटा झटका दिला की बंद होतो. मध्ये वीज लागत नाही, म्हणून छोट्या सोलर पॅनेलवर चालतो. रानात लांबवर लावायला हाच बरा. त्याचा धोका लक्षात घ्या: लाईट गेली तरी तो होता तसाच राहतो. कंट्रोलर (व्हॉल्वला आणि मोटारीला आदेश देणारा डबा) सुरू होताच सगळ्या व्हॉल्वना आधी ‘बंद’चा झटका देणारा असला पाहिजे. लाल-काळी वायर उलटी जोडली तर उघड म्हटल्यावर बंद होतो, आणि बारीक वायर फार लांब ओढली तर झटका कमजोर पडून अधूनमधून चुकतो. अधूनमधून चुकणारा दोष शोधायला सगळ्यात अवघड असतो, तेव्हा वायरीत कंजूषी नको.

व्हॉल्व बंदच होत नसेल तर बहुतेक वेळा वाळूचा एखादा कण दोषी असतो. पडद्याच्या बारीक छिद्रात तो अडकतो, वरच्या बाजूला दाब तयार होत नाही आणि व्हॉल्व गळत राहतो. चार स्क्रू काढून पडदा धुतला की काम होतं. बोअरला वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा) आणि जाळीचा फिल्टर, मग व्हॉल्वचं बघू.

मोटार आणि क्रम

कंट्रोलरच्या छोट्या रिलेवर (विजेनं चालणाऱ्या स्विचवर) मोटार कधीच जोडू नका. रिलेनं फक्त स्टार्टरची बटणं दाबायची: हिरव्या बटणाला समांतर एक, लाल बटणाच्या ओळीत दुसरी. सिंगल फेजिंग, कमी व्होल्टेज आणि कोरडी मोटार, हे तिन्ही बघणारा मोबाईल स्टार्टर असेल तर उत्तम. एक फेज गेला की उरलेल्या दोनवर करंट दीडपटीच्या वर जातो आणि वाइंडिंग काही मिनिटांत जळतं.

लाईट आल्यावर एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या ऑटो मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज कोसळतं आणि एकही नीट सुरू होत नाही. शेजाऱ्यांशी बोलून कुणाची एक मिनिटानं, कुणाची तीन, कुणाची पाच मिनिटांनी अशी वेळ लावून घ्या.

क्रम असा ठेवा. आधी व्हॉल्व उघडायचा, पंधरा-वीस सेकंदांनी मोटार. प्लॉट बदलताना पुढचा उघडल्यावरच मागचा बंद. शेवटी मोटार बंद, मग व्हॉल्व. उलटं झालं की चार किलो दाबाच्या पीव्हीसी पाइपाचा सांधा सुटतो. सोलर पंप असेल तर पाणी वेळेवर मोजू नका. ढगाळ दिवशी एका तासात निम्मंही पाणी येत नाही, त्याला लिटर मोजणारा पल्स मीटर लावा.

पाणी खरंच गेलं का

मोबाईलवर ‘व्हॉल्व उघडला’ असं दिसतं, त्याचा अर्थ फक्त आदेश गेला एवढाच. प्रत्येक प्लॉटला नाही तरी मुख्य लाईनवर फिल्टरच्या पुढे एक प्रेशर सेन्सर आणि मोटारीवर एक करंट सेन्सर लावा. पाच एचपीची सबमर्सिबल साधारण ८-९ अँपियर घेते. तुमच्या मोटारीचा चांगल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा. करंट बरोबर आणि दाब पडलेला, तर पुढं पाइप फुटलाय. दोन्ही पडलेले, तर बोअर उपसलाय. दाब चढलेला आणि करंट कमी, तर व्हॉल्व उघडलाच नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला की फिल्टर धुवा. दोन व्हॉल्व कमी घ्यावे लागले तरी चालतील, पण हे दोन सेन्सर सोडू नका.

निरोप कसा पोचवायचा

घर रानातच असेल आणि अंतर ५०-६० मीटर असेल तर वायफाय पुरतं. एरवी मोटारीपाशी एक सिमचा डबा आणि तिथून रानातल्या सेन्सर-व्हॉल्वपर्यंत लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ), ही जोडी चांगली. आपल्याकडे लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे; ९१५ चं मॉड्यूल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. अँटेना पिकाच्या वर हवा. उसाच्या फडात दबली तर किलोमीटरचा पल्ला दोन-तीनशे मीटरवर येतो. सिमच्या डब्यात सिम ८०० नावाचं मॉड्यूल असेल तर तो फक्त टूजीवर चालतो. जिओचं टूजी नाहीच, म्हणून फोरजीचा डबा मागा. टूजी मॉड्यूल निरोप पाठवताना क्षणभर दोन अँपियर ओढतं, छोट्या बॅटरीवर ते वारंवार रिसेट होतं.

मे महिन्यात उन्हात ठेवलेला बंद डबा आतून भट्टीसारखा तापतो. साध्या लिथियम सेलपेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घ्या आणि डबा पॅनेलच्या सावलीत लावा. वायरी खालून आत घ्या आणि ग्लँड घट्ट करा, नाहीतर मुंग्या घर करतात. उंदीर-खारी वायर कुरतडतात, म्हणून जमिनीवरची वायर पाइपातून न्या.

बसवायचं काम पावसाळा ओसरता ओसरता, रान वाफशावर असताना काढा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत सेन्सर पुरला तर पहिल्या पावसापर्यंत त्याचा आकडा धरता येत नाही. पहिले दोन आठवडे सगळं हातानंच चालवा. रोज सकाळी सेन्सरचा आकडा लिहा, शेजारी खुरप्यानं वीतभर माती उकरून मुठीत दाबून बघा. मुठीचा आणि सेन्सरचा मेळ बसला की मगच ऑटोचं बटण दाबा.