परळचा रविवारचा कामगार कायद्याचा क्लास, युनियनवाल्यांनी नक्की करा

सहा रविवार, सकाळी १० ते १, फी ६०० रुपये. मागच्याच आठवड्यात संपला म्हणून लगेच लिहितोय.

मी अंधेरीला एका कंपनीत पॅकिंगला आहे, युनियनच्या कमिटीवर पण आहे. तीन वर्षांपूर्वी युनियन केली म्हणून आमच्या चार जणांच्या लांब बदल्या केल्या, आम्ही साहेबांना भेटत राहिलो, अर्ज देत राहिलो, आणि पल्प कायद्यात (मालकाच्या अनुचित वागणुकीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) तक्रार ९० दिवसांच्या आत टाकायची असते हे वकिलाकडे गेल्यावर कळलं तेव्हा पाचवा महिना चालू होता. उशिराचं योग्य कारण दाखवलं तर कोर्ट तक्रार घेऊ शकतं, पण तोवर दोघं हिशोब घेऊन गावाला निघून गेले होते. ती गोष्ट अजून टोचते, म्हणून क्लास लावला.

सर बरीच वर्षं लेबर कोर्टात काम केलेले. कलमं पाठ करून घेत नाहीत, कलम कुठून आलं ते सांगतात. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात युनियनला दिवाणी दाव्यापासून संरक्षण का दिलं होतं, तर मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटिक मिलच्या भांडणात कंपनीने कामगारांचे पुढारी बी. पी. वाडियांवरच हायकोर्टात दावा लावून मनाईहुकूम आणला होता आणि त्यानंतर १९२१ मध्ये आपले कामगार पुढारी ना. म. जोशींनी असेंब्लीत युनियनला कायद्याचं संरक्षण द्या असा ठराव मांडला. एवढं ऐकल्यावर ते संरक्षणाचं कलम १८ आयुष्यात विसरणार नाही.

सगळ्यात भारी चौथा रविवार. १९३८ चा संपावर बंधनं घालणारा औद्योगिक कलह कायदा, त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन झालेला संप, आणि मग १९४६ चा बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा. आमच्या बॅचला लालबागचे एक काका होते, कापड गिरणीत साचे खात्यात (मागावर) होते, ८२ च्या गिरणी संपात नोकरी गेली. सर सांगत होते की बीआयआरमध्ये धंद्यातली प्रातिनिधिक युनियन एकच, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, त्यामुळे १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखाच्या आसपास कामगार संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले तरी करार करायचा हक्क कायद्याने दुसऱ्यांकडेच. काका म्हणाले, बीआयआर रद्द करा अशा घोषणा आम्ही रोज द्यायचो पण त्यात नेमकं काय लिहिलंय ते आज कळतंय. नंतर बराच वेळ वर्गात कोणी बोललं नाही.

कमी काय वाटलं तर नवीन कोड, म्हणजे केंद्राचा नवा कामगार कायदा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेला औद्योगिक संबंध कोड शेवटच्या एका तासात उरकला, तोच तर आज आमच्या गळ्याशी आहे ना! मालकाशी वाटाघाटीला एका युनियनकडे ५१ टक्के कामगार सभासद लागणार, नाहीतर २० टक्के सभासदवाल्या युनियनांची मिळून कौन्सिल, संपाला कुठल्याही धंद्यात १४ दिवसांची नोटीस, निम्म्या लोकांनी एकदम कॅज्युअल लीव्ह टाकली तरी तो संपच धरणार, आणि ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपातीला सरकारची परवानगी आता ३०० कामगारांपासून पुढे, म्हणजे आमच्यासारखी १८० जणांची कंपनी त्यातून बाहेरच. यावर दोन रविवार पाहिजेत, मी सरांना तसं सांगितलंय.

नोट्स सगळ्या इंग्लिशमध्ये, मराठीत हव्यात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, काकांना मधे थांबून चढावं लागायचं. लेडीज फक्त दोन होत्या, अजून याव्यात.

पुढची बॅच गणपतीनंतर आहे. येताना आपल्या कंपनीच्या शेवटच्या कराराची झेरॉक्स आणा, सर मधल्या सुट्टीत ओळ न ओळ वाचून समजावतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.