वाहतूक सुरक्षेसाठी अनुदान : जादा गस्त, उपकरणे, नवी पदे की रस्त्यातील बदल?

वाढत्या शहराच्या पोलीस दलासमोर वाहतूक सुरक्षेच्या अनुदानाची संधी येते, तेव्हा चर्चा बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. अनुदानाच्या नियमांत काय बसते हे आधी पाहिले जाते आणि शहराला काय हवे आहे हे मागाहून त्यात बसवले जाते. प्रस्ताव मंजूर होतो, सामान येते, पहिले वर्ष उत्साहात जाते आणि तिसऱ्या वर्षी देखभालीचे पैसे कोणी द्यायचे यावर पोलीस आणि नगर प्रशासन यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो. हा निर्णय घेणाऱ्यांसाठी, म्हणजे पोलीसप्रमुख, वाहतूक शाखेचे अधिकारी आणि प्रस्तावावर सही करणारे प्रशासक यांच्यासाठी, येथे चार पर्यायांची तुलना केली आहे: सध्याच्या मनुष्यबळाकडून जादा तासांची गस्त, उपकरणे, नवी कायम पदे आणि नगरपालिकेच्या बरोबरीने रस्त्यातच बदल. या तुलनेला दोन कसोट्या लावल्या आहेत. त्या खर्चाने मृत्यू आणि गंभीर जखमा कमी होतात का, ही पहिली. अनुदान संपल्यावर मागे उरणारा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, ही दुसरी. दुसऱ्या कसोटीचा विचार प्रस्ताव लिहिताना क्वचितच होतो, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच ठरायला हवा.

पर्यायांकडे वळण्यापूर्वी वाढत्या शहराची एक खास अडचण पाहिली पाहिजे, कारण चारही प्रस्तावांवर तिची छाया पडते. अनुदान देणाऱ्या संस्था सहसा मागील तीन ते पाच वर्षांच्या अपघातांची आकडेवारी मागतात. ज्या शहराचा आकार फारसा बदलत नाही त्याला हे सोयीचे असते. वाढत्या शहरात मात्र कालपर्यंत मोकळ्या माळावरून जाणारा रस्ता आज वसाहती, शाळा आणि दुकाने यांच्या मधून जात असतो. त्याची रुंदी आणि वळणे भरधाव वाहनांसाठी आखलेली असतात, पण त्याच्या कडेने आता माणसे चालू लागलेली असतात. तिथला धोका आज आहे, त्याची नोंद मात्र काही वर्षांनी दिसेल. शिवाय लोकसंख्या झपाट्याने वाढत असेल तर मृत्यूंची संख्या तेवढीच राहूनही दर लाख लोकसंख्येमागचे प्रमाण घटलेले दिसते आणि शहर कागदावर सुरक्षित होत चालले आहे असा समज होतो. म्हणून अशा शहराने अपघातांच्या यादीला प्रत्यक्ष मोजलेल्या वेगांची जोड द्यावी. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे नव्या रस्त्यावर अजून कोणी दगावले नसले तरी तिथल्या वेगाचे मोजमाप हा रास्त पुरावा ठरतो.

जादा तासांची गस्त

हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. अमेरिकेत 1966 च्या महामार्ग सुरक्षा कायद्यापासून संघराज्याचा पैसा राज्यांच्या महामार्ग सुरक्षा कार्यालयांमार्फत स्थानिक पोलिसांपर्यंत पोहोचतो. या कायद्याच्या कलम 402 खालील निधीपैकी किमान 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांसाठी खर्च व्हावा, अशी अट आहे. त्यातून वेग, मद्यपान करून वाहन चालवणे आणि सीटबेल्ट यांवरील मोहिमांसाठी जादा तासांचा मोबदला दिला जातो. या पर्यायाचे आकर्षण उघड आहे: काम लगेच सुरू होते, कायमचे पद निर्माण होत नाही आणि अनुदान थांबले तर गस्तही थांबते, मागे देणे राहत नाही. दुसऱ्या कसोटीवर चारही पर्यायांत हा सर्वांत हलका ठरतो.

पहिल्या कसोटीवर त्याचा निकाल गस्त कशी घातली जाते यावर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 1982 मध्ये कोणत्याही संशयाविना कोणत्याही चालकाची श्वासचाचणी घेण्याची पद्धत सुरू केली, आणि रस्त्यावरील मृत्यू ठळकपणे घटले. पकडलेल्या चालकांच्या संख्येपेक्षा आपल्याला कुठेही थांबवले जाऊ शकते ही भावना तिथे जास्त उपयोगी पडली; चाचणी केंद्रे भर रस्त्यात, सर्वांना दिसतील अशी होती आणि जाहिरातही जोरात होती. याउलट आडोशाला उभे राहून चलने फाडणाऱ्या गस्तीचा परिणाम त्या जागेपुरता आणि थोड्या दिवसांपुरता राहतो. गस्त हटली की वेग पूर्ववत होतो.

दोन व्यावहारिक अडचणीही लक्षात घ्याव्यात. पहिली, जादा तास करण्यासाठी माणसे लागतात. ज्या दलात पदे रिक्त आहेत आणि असलेली माणसे आधीच थकलेली आहेत, तिथे मंजूर तास भरतच नाहीत, निधी परत जातो आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो. दुसरी, असे अनुदान बहुधा प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर मिळते, म्हणजे खर्च आधी शहराने करायचा आणि हिशेब मान्य झाल्यावर पैसे यायचे. अमेरिकी नियमांत आणखी एक महत्त्वाचे बंधन आहे: शहर स्वतःच्या अंदाजपत्रकातून जो खर्च करत होते तो काढून घेऊन त्या जागी अनुदानाचा पैसा वापरता येत नाही. नियमित वाहतूक गस्त कमी करून अनुदानित गस्त वाढवलेली लेखापरीक्षणात आढळली, तर पैसे परत करण्याची वेळ येऊ शकते.

उपकरणे

प्रस्ताव लिहायला सर्वांत सोपा पर्याय हाच, कारण वस्तूची किंमत ठरलेली असते आणि उद्घाटनाला काहीतरी दाखवायला मिळते. (या दुसऱ्या कारणाचे वजन कोणी लेखी मान्य करत नाही, पण ते असते.) स्पीड गन, श्वासचाचणीची यंत्रे, वाहनाचा वेग दाखवणारे फिरते फलक आणि वाहन क्रमांक वाचणारे कॅमेरे या साऱ्यांना एकाच मापाने मोजणे मात्र चुकीचे आहे. वेग दाखवणारा फलक तुलनेने स्वस्त असतो, त्याला चालवायला माणूस लागत नाही आणि त्याच्यात नोंदलेली वेगांची आकडेवारी पुढच्या प्रस्तावात वापरता येते. नव्या वसाहतींच्या रस्त्यांसाठी ती चांगली खरेदी आहे. स्पीड गन आणि श्वासचाचणीची यंत्रे ठरावीक मुदतीने प्रमाणित करून घ्यावी लागतात आणि ती हाताळणाऱ्याचे प्रशिक्षणही कागदोपत्री सिद्ध करावे लागते. यांपैकी एकही गोष्ट राहून गेली तर न्यायालयात पुरावा टिकत नाही. क्रमांक वाचणारे कॅमेरे तर विकत घेतल्यावरच खर्च करू लागतात: सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, माहितीची साठवण, ती कोणी आणि किती दिवस पाहायची याचे नियम. दुसऱ्या कसोटीवर सर्वांत धोक्याची वस्तू हीच आहे.

स्वयंचलित वेग कॅमेऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. त्यांच्या उपयोगाबद्दल फारशी शंका नाही. स्वीडनमध्ये पोलीस आणि वाहतूक प्रशासन मिळून अशी व्यवस्था चालवतात. अडचण पैशाच्या वाटेत आहे. ब्रिटनने एप्रिल 2000 मध्ये आठ भागांत एक प्रयोग सुरू केला, ज्यात कॅमेऱ्यांतून जमलेल्या दंडातूनच कॅमेऱ्यांचा खर्च भागवला जाई. पुढे तो देशभर पसरला, पण दंड आणि खर्च यांचा थेट संबंध लोकांना खुपत राहिला. हे सुरक्षेसाठी नसून वसुलीसाठी आहे अशी टीका होत राहिली आणि 2007 मध्ये तो संबंध तोडून पैसा व्यापक रस्ता सुरक्षा निधीकडे वळवण्यात आला. अमेरिकेत कलम 402 चा पैसा स्वयंचलित अंमलबजावणीसाठी वापरायला मनाई होती. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने शाळांचे परिसर आणि रस्त्यांची कामे चालू असलेली ठिकाणे एवढ्यापुरती सूट दिली. ज्या शहराला कॅमेरे हवे असतील त्याने निधी देणाऱ्याचे नियम पहिल्याच दिवशी वाचावेत, आणि दंडाची रक्कम पोलिसांच्या खात्यात येणार नाही हे प्रस्तावातच लिहून द्यावे.

नवी कायम पदे

स्वतंत्र वाहतूक पथक उभे करण्यासाठी अनुदान मागणे धाडसाचे वाटते, पण वाढत्या शहराच्या बाबतीत या पर्यायाचा विचार जेवढा होतो त्याहून जास्त व्हायला हवा. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या भरती योजनेचे स्वरूप पाहिले तर त्यातला डाव लक्षात येतो: नव्या पदाच्या प्रारंभिक वेतनाचा आणि भत्त्यांचा 75 टक्क्यांपर्यंतचा भार तीन वर्षे उचलला जातो, त्याला प्रत्येक पदामागे 1,25,000 डॉलरची मर्यादा असते आणि मुदत संपल्यावर ते पद किमान 12 महिने टिकवण्याची अट असते. ती योजना सामुदायिक पोलीस कार्यासाठी आहे, केवळ वाहतुकीसाठी नाही, त्यामुळे प्रस्ताव त्या चौकटीत मांडावा लागतो. चौथ्या वर्षी संपूर्ण पगार शहरावर येतो. ज्या शहराचे उत्पन्न लोकसंख्येबरोबर वाढते आहे त्याला हा भार पेलतो, कारण पदांची गरज तशीही पडणारच असते आणि अनुदान ती फक्त तीन वर्षे अलीकडे आणते. ज्या शहराची लोकसंख्या वाढते पण करवसुली मागे राहते, त्याने हा पर्याय टाळावा.

पदे मागताना केवळ शिपाईच मागावेत असे नाही. माझ्या मते पहिले पद अपघातांच्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्याचे असावे, मग ते पोलीस गणवेशातले नसले तरी चालेल. पोलिसांकडे नोंद न होणारे अपघात, विशेषतः सायकलस्वार आणि पादचारी यांचे, रुग्णालयांच्या नोंदींत सापडतात. दोन्ही नोंदी जुळवणारा, अपघाताचे नेमके ठिकाण नकाशावर मांडणारा आणि 30 दिवसांच्या आत झालेला मृत्यू त्या अपघातातच मोजला जातो ना हे पाहणारा माणूस नसेल, तर जादा गस्त कुठे घालायची हे सवयीने ठरते.

रस्त्यातील बदल

पोलिसांच्या प्रस्तावात हा पर्याय सहसा येतच नाही, कारण रस्ता दुसऱ्या खात्याचा असतो. परिणामाच्या कसोटीवर मात्र तो बाकी तिघांच्या पुढे आहे. अमेरिकेच्या संघराज्य महामार्ग प्रशासनाच्या आकड्यांनुसार, फक्त आडव्या रस्त्यावर थांबा असलेल्या चौकाचे वर्तुळाकार चौकात रूपांतर केल्यास मृत्यू आणि जखमांचे अपघात 82 टक्क्यांनी, तर सिग्नल असलेल्या चौकाचे केल्यास 78 टक्क्यांनी घटतात. चार पदरी रस्ता तीन पदरांवर आणून मधला पदर वळणाऱ्या वाहनांसाठी ठेवला, तर एकूण अपघात 19 ते 47 टक्क्यांनी कमी होतात. असा बदल रात्री तीन वाजताही काम करतो आणि त्याला जादा तासांचा मोबदला द्यावा लागत नाही.

अडचण वेळेची आणि मालकीची आहे. अमेरिकेच्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातून सुरू झालेल्या सुरक्षित रस्ते योजनेत पाच वर्षांसाठी 5 अब्ज डॉलरची तरतूद झाली. त्यात किमान 20 टक्के वाटा स्थानिक असावा लागतो आणि प्रत्यक्ष बांधकामाचा पैसा मागण्यापूर्वी कृती आराखडा तयार असावा लागतो. अर्जदार शहर असते. पोलीस दल त्यात सहभागी होते. आराखडा, आखणी, निविदा आणि बांधकाम यांत वर्षे जातात, आणि पुढच्या हंगामातच काही दाखवण्याचे दडपण असलेल्या पोलीसप्रमुखाला हे परवडत नाही. तरीही पोलिसांकडची अपघात आणि वेग यांची नोंद हाच अशा अर्जाचा कणा असल्यामुळे त्यांनी स्वतः पुढे होऊन नगर अभियंत्यांकडे जावे, हे अधिक शहाणपणाचे आहे.

कोणत्या शहराने काय निवडावे

दलात पदे पुरेशी भरलेली असतील आणि धोक्याची ठिकाणे माहीत असतील, तर पहिल्या वर्षी जादा गस्त आणि वेग दाखवणारे फलक यांचा एकत्र प्रस्ताव द्यावा. तो लवकर मंजूर होतो आणि मागे ओझे ठेवत नाही. पदे रिक्त असतील तर गस्तीचा प्रस्ताव देऊच नये. तिथे विश्लेषकाचे पद आणि नोंदींची सुधारणा मागावी. वाढ मुख्यतः शहराच्या कडेला, रुंद नव्या रस्त्यांवर होत असेल, तर पोलिसांनी आपला अर्ज छोटा ठेवून नगरपालिकेच्या रस्ता सुधारणेच्या अर्जाला बळ द्यावे, कारण तो रस्ता जसा आहे तसा राहिला तर तिथे कायम गस्त ठेवावी लागेल. महागड्या कॅमेरा यंत्रणेचा प्रस्ताव कोणत्याही परिस्थितीत पहिला असू नये.

कोणताही पर्याय निवडला तरी प्रस्तावात यशाचे माप म्हणून चलनांची संख्या लिहू नये. ती वाढवणे सोपे असते, आणि तिचे उद्दिष्ट ठरले की गस्त धोक्याच्या जागा सोडून सोप्या जागी जाऊन उभी राहते; शिवाय ठरावीक वस्त्यांतील किंवा समाजातील चालकांनाच जास्त थांबवले जाते ही तक्रार अशाच उद्दिष्टांतून बळावते. एका वर्षातील मृत्यूंची घट हेही मध्यम आकाराच्या शहरात भरवशाचे माप नाही, कारण संख्या लहान असते आणि वाईट वर्षानंतरचे वर्ष काहीही न करता बरे दिसू शकते. त्याऐवजी निवडलेल्या रस्त्यांवरील सरासरी वेग, मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनांचे प्रमाण आणि सीटबेल्ट किंवा हेल्मेट वापरणाऱ्यांचे प्रमाण ही मापे द्यावीत, तशीच मोजणी गस्त नसलेल्या एक-दोन रस्त्यांवरही करावी, आणि पहिली मोजणी अनुदानाचा पहिला रुपया किंवा डॉलर खर्च होण्यापूर्वी पूर्ण करावी. ही मोजणी बहुतेक शहरांना स्वतःच्या खर्चाने करावी लागेल, आणि ती रक्कम अर्जाची तारीख जवळ येण्याआधी अंदाजपत्रकात धरलेली असावी.