महारेराचे संकेतस्थळ: नाशिकमध्ये घर शोधताना केलेल्या दीर्घ वापरानंतरचा अनुभव

महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, म्हणजेच महारेराचे, संकेतस्थळ मी गेले कित्येक महिने नियमितपणे वापरत आहे. इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात राहण्यासाठी टू-बीएचके सदनिका शोधावी, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. पुढे मात्र शहरात कोणत्या भागात काय बांधले जात आहे आणि ते किती पुढे सरकले आहे, हे समजून घेण्यासाठी मी वर्तमानपत्राच्या आधी हेच संकेतस्थळ उघडू लागलो. ते विनामूल्य आहे, त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, आणि घराच्या शोधात असलेल्यांपैकी फारच थोडे लोक ते प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासण्याच्या पुढे वापरतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. इमारत चांगली होईल की वाईट, हे या संकेतस्थळावरून कळत नाही. विकासकाने काय, कोणत्या हद्दीत आणि कोणत्या तारखेपर्यंत देण्याचे लेखी कबूल केले आहे, हे कळते. दर तिमाहीला पाहत राहिल्यास त्या कबुलीचे पुढे काय होत आहे, हेही कळते. नोंदणी क्रमांक दिसला म्हणून समाधान मानून जो परत तिकडे फिरकत नाही, त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

नाशिकसारख्या औद्योगिक शहरात हा फरक जास्त जाणवतो. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांमुळे घरांना मागणी कायम असते, आणि त्या मागणीला जाहिरातींतून दाखवले जाते ते बहुधा शहराचे भविष्य. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, रबरी टायरवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’ची चर्चा झाली, आणि त्यानंतर कितीतरी माहितीपत्रकांत ‘प्रस्तावित मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटे’ हे वाक्य छापले गेले. त्या इमारतींत आज माणसे राहायला आली आहेत. मेट्रोचे प्रत्यक्ष बांधकाम मात्र सुरू झालेले नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, ही खरी घडलेली गोष्ट. पण तो मार्ग इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून जातो, आणि शहरातील एखादी इमारत ‘समृद्धीलगत’ असल्याचे सांगणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो किंवा आपण तो पाहणार नाही अशी त्याची खात्री असते. आता सिंहस्थाच्या निमित्ताने होणारी कामे त्याच जागी येऊन बसली आहेत.

महारेराच्या नोंदीत यातले काहीही नसते, आणि हाच तिचा पहिला उपयोग आहे. तिथे भूखंडाचा गट किंवा सर्व्हे क्रमांक, चतु:सीमा, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मालकी हक्काचा कायदेशीर अहवाल, जमिनीवरील बोजा, चालू दावे, सदनिकांची संख्या आणि पूर्णत्वाची प्रस्तावित तारीख एवढेच सापडते. माहितीपत्रकातील एकेक वाक्य हाती घेऊन ते नोंदीत कुठे आहे हे शोधले, तर विकासकाची स्वतःची जबाबदारी कुठे संपते आणि केवळ वातावरणनिर्मिती कुठे सुरू होते, ते अर्ध्या तासात स्पष्ट होते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाल्यामुळे जाहिरातीवरून थेट त्या प्रकल्पाच्या नोंदीवर जाता येते. नाशिक जिल्ह्यातील बहुतेक जुने नोंदणी क्रमांक ‘पी५१६’ ने सुरू होतात, हे एकदा लक्षात राहिले की फलकावरचा क्रमांक दुसऱ्या जिल्ह्याचा तर नाही ना, हेही नजरेत भरते.

सर्वांत जास्त शिकवले ते टप्प्यांच्या नोंदणीने. रेरा, म्हणजेच स्थावर संपदा कायद्यानुसार मोठ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प मानून स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. त्यामुळे विक्री कार्यालयात आपल्याला चार इमारती, बाग, क्लब हाउस आणि पोहण्याचा तलाव असलेली एकच आरास दाखवली जाते, पण नोंदीत ती तीन किंवा चार प्रकल्पांत विभागलेली असते. मी पाहिलेल्या एका संकुलात आम्हाला ‘अ’ इमारतीतील सदनिका दाखवली गेली. क्लब हाउस मात्र ज्या टप्प्यात नोंदवले होते त्याची पूर्णत्वाची तारीख आमच्या टप्प्याच्या तारखेनंतर जवळपास चार वर्षांनी होती. यात बेकायदेशीर काही नव्हते, लपवलेलेही काही नव्हते. फक्त ते विक्री प्रतिनिधीने सांगितले नव्हते. त्यानंतर कोणत्याही संकुलात मी पहिला प्रश्न हाच विचारू लागलो, की आपण दाखवत असलेली सुविधा कोणत्या नोंदणी क्रमांकाखाली येते. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी सहज दिले त्यांच्याशीच पुढची बोलणी केली.

तारखांचे वाचन थोड्या सबुरीने करावे लागते. नोंदीत मूळ प्रस्तावित तारीख आणि सुधारित तारीख अशा दोन्ही दिसल्या की विकासक वेळ पाळत नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु करोनाच्या काळात महारेराने २०२० मध्ये सहा महिन्यांची आणि २०२१ मध्ये पुन्हा सहा महिन्यांची मुदतवाढ सरसकट दिली होती. त्या आधी नोंदवलेल्या प्रकल्पाची तारीख साधारण वर्षभराने पुढे गेली असेल, तर त्याचे खापर विकासकावर फोडणे योग्य नाही. २०२२ नंतर नोंदवलेल्या प्रकल्पाची तारीख दुसऱ्यांदा बदलली असेल तर मात्र विचारपूस करायला हवी. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ताबा वेळेत न मिळाल्यास ग्राहकाला पैसे परत मागता येतात किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज मागता येते, आणि महाराष्ट्राच्या नियमांत हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँक ज्या किमान दराने कर्ज देते त्या दरापेक्षा) दोन टक्के अधिक ठरवलेले आहे. पण हे सारे करारनाम्यातील ताब्याच्या तारखेवर अवलंबून असते. म्हणून करारनाम्याच्या मसुद्यातील तारीख आणि संकेतस्थळावरील तारीख शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे. त्या दोन्हींत अंतर असल्याचे मला एकाहून अधिक ठिकाणी आढळले.

आता ज्या कागदासाठी मी हे संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडतो त्याविषयी. विकासकाला दर तिमाहीनंतर, म्हणजे २० जानेवारी, २० एप्रिल, २० जुलै आणि २० ऑक्टोबरपर्यंत, प्रगतीची माहिती भरावी लागते. त्यासोबत वास्तुविशारदाचा फॉर्म १, अभियंत्याचा फॉर्म २ आणि सनदी लेखापालाचा फॉर्म ३ येतो. फॉर्म १ मध्ये दोन तक्ते असतात. पहिल्या तक्त्यात खोदकाम, जोते, स्लॅब, अंतर्गत भिंती, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, लिफ्ट अशा कामांची टक्केवारी असते. दुसऱ्यात अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी गटारे, सांडपाणी प्रक्रिया, पर्जन्यजल संधारण, घनकचरा व्यवस्था, अग्निशमन अशी सामायिक कामे असतात. बहुतेक ग्राहक पहिलाच तक्ता पाहतात, कारण बँकेचे हप्तेही स्लॅबनुसारच सुटतात. माझ्या मते प्रकल्पाचे खरे आरोग्य दुसऱ्या तक्त्यात आहे. स्लॅब भराभर पडतात. त्यावर ग्राहकाचा हप्ता मिळतो. या सामायिक कामांपैकी बहुतेकांवर स्वतंत्र हप्ता नसतो, त्यामुळे पैशाची ओढाताण झाली की आधी थांबतात ती हीच कामे. एका प्रकल्पात सर्व स्लॅब पूर्ण, गिलावा बऱ्यापैकी झालेला, आणि दुसऱ्या तक्त्यात मलनिस्सारणापासून पावसाळी गटारांपर्यंत लागोपाठ तीन तिमाह्या शून्य टक्के, असे चित्र दिसले. प्रत्यक्ष जागेवर गेलो तेव्हा इमारतीच्या दर्शनी भागाला रंग लागला होता आणि मागच्या बाजूला पावसाचे पाणी तुंबलेले होते. ती सदनिका आम्ही सोडून दिली.

टक्केवारी खरी आहे की नाही, हे कोण तपासते, असा प्रश्न रास्त आहे. ही माहिती विकासकाने नेमलेल्या व्यावसायिकांनी प्रमाणित केलेली असते. महारेराचा अधिकारी प्रत्येक स्लॅब मोजायला येत नाही. तरीही तिला वजन आहे, कारण ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि त्यातून पैसे काढण्यासाठी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल या तिघांचीही प्रमाणपत्रे लागतात. माहितीच न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने २०२३ मध्ये स्थगित केली, त्यांची बँक खाती गोठवली आणि त्यांतील सदनिकांच्या विक्री करारांची नोंदणी थांबवली. त्यामुळे तिमाही माहिती उशिरा भरणारा विकासक मी लगेच बाद करत नाही, पण दोन तिमाह्या रिकाम्या दिसल्या तर यादीतून काढतो.

फॉर्म ३ पाहायला मिळत नसेल तर विकासकाकडे मागावा. तो थोडा किचकट आहे, पण त्याचे सार सोपे आहे: काम पूर्ण करायला अजून किती खर्च येणार, विकलेल्या सदनिकांतून अजून किती पैसे यायचे आहेत, आणि न विकलेल्या सदनिकांची रेडी रेकनरनुसार (शासनाने ठरवलेल्या दरांनुसार) किंमत किती. उरलेला खर्च येणाऱ्या पैशांपेक्षा फार मोठा असेल, तर आपले घर पुढच्या विक्रीवर टांगलेले आहे, असे समजायला हरकत नाही. आम्ही दोन विकासकांकडे हा कागद मागितला. एकाने दुसऱ्याच दिवशी पाठवला. दुसऱ्याने ‘एवढे कोणी विचारत नाही हो’ असे सांगून चहा पाजला.

शोध घेताना नावांची अडचण येते, ती समजून घ्यायला हवी. फलकावरचे नाव समूहाचे असते, नोंदणी मात्र प्रत्येक प्रकल्पासाठी काढलेल्या वेगळ्या भागीदारी संस्थेची किंवा एलएलपीची (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीची) असते. समूहाच्या नावाने शोधले तर अर्धेच प्रकल्प सापडतात. भागीदारांची नावे टिपून त्या नावांनी शोधले, तसेच जमीनमालकाचे नाव पाहिले, की जुने रखडलेले प्रकल्प आणि त्यांवरील तक्रारी समोर येतात. तक्रार आहे म्हणजे विकासक वाईट, असे मात्र नाही. शंभर सदनिकांच्या प्रकल्पात एक-दोन तक्रारी असणे स्वाभाविक आहे. त्यांवरील आदेश वाचावेत, आणि आदेशानंतर विकासकाने काय केले याची चौकशी तिथल्या रहिवाशांकडे करावी.

या संकेतस्थळाच्या मर्यादा बहुतांशी कायद्याच्याच मर्यादा आहेत. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. पाच गुंठ्यांच्या आतल्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या तीन-चार मजली इमारती नाशिकच्या जुन्या वसाहतींत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाबत हे साधन गप्प बसते. पुनर्विक्रीच्या जुन्या सदनिकेसाठीही त्याचा उपयोग नाही. प्रकल्पापर्यंत जाणारा रस्ता हा आणखी एक विषय. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखड्यात रुंद रस्ता आखलेला असतो, मंजूर नकाशात तो दिसतो, पण जमीन ताब्यात येऊन तो प्रत्यक्ष झाला आहे का, हे जागेवर जाऊनच पाहावे लागते. गोदावरी आणि नासर्डीच्या काठाजवळ घर घेणाऱ्यांनी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला) घ्यावा आणि निळी व लाल पूररेषा कुठून जाते ते पाहावे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कागदपत्रे बरीचशी इंग्रजीत आणि स्कॅन केलेली असतात, त्यामुळे ती मोबाइलवर न वाचता संगणकावर उघडलेली बरी.

आम्ही अखेर पाथर्डी फाट्याजवळ सदनिका निश्चित केली. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे कलम १३ दाखवल्यावर आमच्याकडे मागितलेली वीस टक्क्यांची रक्कम निम्मी झाली. चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) बाल्कनी धरली जात नाही, ती वेगळी दाखवावी लागते, हे माहीत असल्यामुळे दोन प्रकल्पांच्या दरांची तुलना एकाच मापाने करता आली. वाहनतळाची जागा, तिची लांबी-रुंदी-उंची आणि क्रमांक करारनाम्याच्या जोडपत्रात नमूद करण्याचा आग्रह आम्ही धरला. २०२४ पासून महारेराने त्यासाठी नमुनाच दिला आहे, त्यामुळे वाद झाला नाही. निम्म्याहून अधिक सदनिकांचे बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी स्थापन व्हायला हवी. आमच्या इमारतीत ती मर्यादा गेल्या तिमाहीत ओलांडली गेली, हे संकेतस्थळावरील विक्रीच्या आकड्यांवरूनच समजले. त्या आधारावर आम्ही काही ग्राहकांनी मिळून विकासकाला लेखी पत्र दिले आहे, आणि सोसायटीच्या नावाचा प्रस्ताव सध्या निबंधक कार्यालयात आहे.