लँगॉलेन बेसिन: पैसे घेतात ते योग्यच

भाड्याची नॅरोबोट (कालव्यासाठीची लांब, अरुंद बोट) घेऊन आम्ही चौघं वेल्समधल्या लँगॉलेन कालव्यावर गेलो. 1805 चा पाँटकसल्टे जलसेतू, म्हणजे कालवाच नदीवरून नेणारा पूल, ओलांडला. 38 मीटर खाली डी नदी! पुढे कालवा इतका चिंचोळा, की समोरून बोट येत नाही ना हे बघायला दादा काठाने पुढे चालत गेला. एवढं करून मुक्कामाला जागाच नसती तर? लँगॉलेनच्या बेसिनमध्ये, म्हणजे बोटी बांधायच्या रुंद जागेत, रात्रीचं शुल्क घेतात, म्हणूनच बोटी तिथे अडून न राहता पुढे जातात आणि जागा मोकळी होते असं मला वाटतं. ओला दोर बांधून हात गारठलेले, पण धक्क्यावर वीज-पाणी तयार! गरम पिठलं-भात झाला. पैसे आनंदाने दिले. मात्र बारा महिने बोटीवरच राहणाऱ्यांना हे जड जातं, त्यांना सवलत हवीच.